दोन ओळींचा नकार आणि आईचं कपाट

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक नागपूरचे, वय ५४. गांधीबागेत वडिलांपासून चालत आलेलं कापडाचं ठोक दुकान, दोघे भाऊ भागीदार. दिवाळीनंतर धाकट्याने रोजकीर्द, खतावणी आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप दुकानातून उचलून त्रिमूर्तीनगरातल्या आपल्या घरी नेला. पुढे बँकेत कळलं, की थोरला भाऊ भागीदारीतून निवृत्त झाल्याचा दस्त जोडून खात्यावरच्या सह्याही बदलल्या आहेत. दस्तावरची सही आपली नाही, असं पत्रलेखकांचं म्हणणं. त्यांनी धाकट्याविरुद्ध न्यायालयात खासगी फिर्याद केली आणि त्याच्या घराच्या झडतीसाठी अर्ज दिला. दंडाधिकाऱ्यांनी तो दोन ओळींत नामंजूर केला: "नेमक्या कोणत्या वस्तू, कुठे आणि कशावरून, याचा तपशील नाही. अन्य मार्गाने कागद मिळणार नाहीत असे दिसत नाही." ओळखीचा एक पोलीस म्हणतो, "भाऊ, एकदा गुन्हा दाखल होऊन जाऊ द्या, मग वॉरंट-गिरंट काही लागत नाही." पत्रलेखक विचारतात: कोर्टाचा माझ्यावर विश्वास बसला नाही का? वरच्या कोर्टात जाऊ, पोलिसांकडून काम करून घेऊ, की सगळं सोडून देऊ?

भाऊ,

तुमचं पत्र सलग दोनदा वाचलं. चार पानांत दुकान आहे, वह्या आहेत, सही आहे, धाकटा तर ओळीओळीत आहे. आई मात्र एकदाच येते, तिसऱ्या पानाच्या तळाशी: "आई तिकडेच असते." तिच्याबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी त्या दोन ओळींच्या आदेशाबद्दल बोलू, कारण तुमची झोप त्याने उडवलेली दिसते.

"कोर्टाचा माझ्यावर विश्वास बसला नाही" हे वाक्य मी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात फार वेळा ऐकलं आहे. सासरी अडकलेल्या दागिन्यांसाठी झडती मागणारी मुलगी तेच म्हणते, भागीदाराने कागद दडवले म्हणणारा व्यापारीही तेच म्हणतो. झडतीच्या अर्जावर तुम्ही खरे की खोटे हे कोर्ट ठरवतच नाही. ते पुढे, साक्षीपुराव्यानंतर ठरतं. अर्ज समोर आला तेव्हा दंडाधिकाऱ्यांपुढे प्रश्न एवढाच होता: ज्याची बाजू अजून कुणी ऐकलेली नाही, अशा माणसाच्या घरात सरकारी माणसं पाठवण्याइतकं कारण आज कागदावर आहे का?

कायद्यात यासाठी शब्द आहेत, "विश्वास ठेवण्यास कारण". जुन्या दंड संहितेच्या २६ व्या कलमात त्याची व्याख्या एका ओळीत होती आणि नव्या न्याय संहितेनेही ती ठेवली आहे: पुरेसं कारण असेल तरच, एरवी नाही. म्हणजे नुसत्या संशयाने भागत नाही. तुम्ही अर्जाची प्रत पाठवलीत, म्हणून हे नीट दाखवता येतं. अर्जात लिहिलं आहे, "आरोपी पहिल्यापासून लबाड वृत्तीचा असून त्याने सर्व कागदपत्रे घरी लपविली आहेत." आणि मला लिहिलेल्या पत्रात तुम्ही सांगता, की दुकानातल्या गुमास्त्यानेच ते दोन गठ्ठे आणि लॅपटॉप स्कूटरवर ठेवून पोचवले आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवताना पाहिलं. भाऊ, ही गोष्ट अर्जात का नाही? कोणता दिवस, कुणी नेलं, कुठे ठेवलं, किती वह्या, कोणत्या वर्षांच्या, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. दंडाधिकाऱ्यांना नव्हतं. त्यांनी "तपशील नाही" असं लिहिलं, ते अक्षरशः खरं आहे.

आता कायदा बघू, कारण तुमच्या अर्जात एक गाठ आहे आणि ती सुटल्याशिवाय दुसरा अर्जही टिकायचा नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं ९३ वं कलम आता ९६ झालं, आशय तोच. कोर्ट झडतीचं वॉरंट तीन परिस्थितींत देऊ शकतं. एखाद्याला वस्तू हजर करण्याचं समन्स दिलं किंवा देता आलं असतं, पण तो ती आणणार नाही असं मानायला कारण असेल, तर. वस्तू कुणाकडे आहे हेच कोर्टाला माहीत नसेल, तर. आणि चौकशीसाठी किंवा खटल्यासाठी सर्वसाधारण झडतीच उपयोगाची ठरेल असं कोर्टाला वाटलं, तर.

तुमच्या वकिलांनी पहिली परिस्थिती धरली: समन्स काढलं तरी तो आणणार नाही. पण तुमच्या फिर्यादीत धाकटा आरोपी आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच, गुजरात राज्य विरुद्ध श्यामलाल मोहनलाल चोकसी या खटल्यात, आरोपीला असं समन्स काढता येत नाही असं ठरवलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा त्यामागचा विचार. ज्याला समन्सच जाऊ शकत नाही, तो समन्स मानणार नाही हे कारण कसं चालेल? आरोपीच्या जागेची झडती मात्र घेता येते. कुट्टन पिल्लै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की झडतीत आरोपीला स्वतः काही करायला लावलं जात नाही, म्हणून ती अनुच्छेद २०(३) च्या आड येत नाही. तेव्हा तुमचा मार्ग तिसऱ्या परिस्थितीतून जातो. तो सगळ्यांत रुंद आहे, आणि म्हणूनच तिथे कोर्ट सगळ्यांत जास्त कारणं मागतं. असं वॉरंट छापील नमुन्यावर सही करून देण्याची गोष्ट नाही, डोकं लावून द्यायचा आदेश आहे. जागा किंवा जागेचा भाग ठरवून देण्याची मुभा याच कलमात आहे. "वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली" एवढंच मागितलंत, तर कोर्टाला होकार देणं सोपं जातं. "संपूर्ण घर" मागितलंत की कठीण होतं.

याला लागून ९७ वं कलमही आहे. खोटे दस्त एखाद्या जागी ठेवलेले आहेत अशी माहिती मिळाली आणि आवश्यक ती चौकशी करून दंडाधिकाऱ्यांना तसं मानायला कारण दिसलं, तर त्या जागेच्या झडतीचा अधिकार त्यांना आहे. तुमच्या सहीच्या दस्ताला हे कलम लागू पडेल असं वाटतं खरं. पण इथे मी तुम्हाला थांबवते.

तो दस्त त्रिमूर्तीनगरात आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?

त्याने तो बँकेला दिला म्हणूनच तर सह्या बदलल्या. म्हणजे निदान एक प्रत, कदाचित मूळ कागदच, बँकेच्या फायलीत आहे. तुमची पेढी नोंदणीकृत असेल आणि त्याने निवृत्तीची सूचना दिली असेल, तर ती भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडेही असणार. ते रजिस्टर ठरलेली फी भरून कुणालाही पाहता येतं आणि नकलाही मिळतात. बँक तुमची आरोपी नाही, त्यामुळे तिला कागद हजर करण्याचं समन्स निघू शकतं. आदेशातली दुसरी ओळ, "अन्य मार्गाने मिळणार नाहीत असे दिसत नाही", माझ्या मते याच बाबतीत होती. ज्या कागदावर तुमची सगळी फिर्याद उभी आहे, तो भावाच्या कपाटात शोधायची गरजच नाही. उलट, सही तपासायला हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जाईल तो कागद बँकेतून रीतसर आलेला असला, तर तो तिथे कुणी आणि कधी दिला हेही सोबतच सिद्ध होतं.

वह्यांचंही तसंच बघा. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं १२ वं कलम प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा हक्क देतं. त्यासाठी दिवाणी दावा आहे. पेढी विसर्जित करून हिशेब मागण्याचा दावा करता येतो आणि त्यात वह्या नष्ट करू नयेत असा मनाई आदेश, तसंच कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस, पाठवून यादी करण्याची मागणी करता येते. "दिवाणी म्हणजे नातवाच्या लग्नापर्यंत," असं तुम्ही लिहिलंत. अंतिम निकालाबद्दल तुमची भीती मी खोडून काढत नाही. पण मनाई आणि कमिशनर ह्या सुरुवातीच्या अर्जांवरच्या गोष्टी आहेत, त्यांना निकालाची वाट पाहावी लागत नाही. आणि एक कटू गोष्ट आत्ताच सांगते. वह्या आणि पैसे नेल्याबद्दल तुम्ही "विश्वासघात" हा गुन्हा लावला आहे. वेलजी राघवजी पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की खास करार करून मालमत्ता सोपवलेली नसेल, तर भागीदाराने पेढीची मालमत्ता स्वतःकडे ठेवली एवढ्याने फौजदारी विश्वासघात होत नाही. तुमच्या तक्रारीत जोर आहे तो खोट्या सहीत. दोन्ही एकत्र कालवल्याने सहीचा मुद्दा पातळ झाला.

आता त्या पोलीस मित्राचं म्हणणं. ते पूर्ण चूक नाही, म्हणून जास्त धोक्याचं आहे. भारतात पुष्कळ झडत्या कोर्टाच्या वॉरंटशिवाय होतात, हे खरं. तपास सुरू असताना नव्या सुरक्षा संहितेच्या १८५ व्या कलमाखाली पोलीस अधिकारी स्वतः झडती घेऊ शकतो. पण ती वस्तू दुसऱ्या रीतीने वेळेत मिळणार नाही असं त्याला वाटलं पाहिजे, आपली कारणं आणि शक्यतो कोणती वस्तू शोधतोय हे आधी लिहून ठेवलं पाहिजे, झडतीचं दृकश्राव्य चित्रण केलं पाहिजे आणि लिहिलेल्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवली पाहिजे. ती प्रत घरमालकाला अर्ज केल्यावर फुकट मिळते. म्हणजे कोर्टाने तुम्हाला विचारले तेच प्रश्न इथे अधिकाऱ्याने स्वतःला विचारायचे असतात. "वॉरंट-गिरंट लागत नाही" म्हणजे कारण लागत नाही असं नव्हे. ओळखीने घडवलेली झडती पुढे धाकट्याच्या वकिलाच्या हाती पहिलं हत्यार म्हणून जाते. बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू आपल्याकडे पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, पूरनमल खटल्यापासून कोर्टांची भूमिका तशी आहे. तरीही तिच्यावर किती भरवसा ठेवायचा हे कोर्ट पाहतं. आणि कोर्टाने नाही म्हटलेलं काम मागच्या दाराने करून घेतलं, ही गोष्ट तुमच्या नावाला चिकटते.

यात आणखी एक बदल झाला आहे. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी म्हटलं होतं, की झडतीच्या अधिकाराला अडवणारा खासगीपणाचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी तो भाग रद्दबातल केला. खासगीपणा हा आता मूलभूत हक्क आहे आणि त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूला साजेसं प्रमाण हवं. तुमच्या प्रकरणात हे "प्रमाण" फार जवळचं आहे. लॅपटॉपमध्ये टॅली आहे, तसे पुतणीचे फोटो आणि शाळेचे प्रकल्पही असतील. कोणत्या वर्षांचा हिशेब हवा हे अर्जात लिहिलंत, तर बाकीचं उघडायचं कारण उरत नाही.

आणि आता आई.

खूप वर्षांपूर्वी मी एका झडतीच्या वेळी हजर होते, अशिलाच्या विनंतीवरून. जुन्या वस्तीतलं घर, एप्रिलची दुपार. अधिकारी सभ्य होते, आवाजही चढवला नाही कुणी. एका व्यवहाराची कागदपत्रं शोधायची होती. बैठकीत मिळाली नाहीत, मग आतलं लाकडी कपाट उघडलं. ते त्या घरातल्या आजींचं. नऊवारी लुगड्यांच्या घडीत त्यांनी यजमानांची पत्रं आणि मेलेल्या लेकाचं झबलं जपून ठेवलं होतं. पंचांसमोर एकेक घडी उकलली गेली. कागद काही सापडले नाहीत. पंचनाम्यात ओळ आली, "कपाटात आक्षेपार्ह काही मिळून आले नाही." आजींनी त्यानंतर ते कपाट कुलूप न लावता उघडंच ठेवलं, असं त्यांच्या सुनेने मला पुढे सांगितलं. सगळं कायद्याप्रमाणे झालं होतं.

तुम्ही मागितलेल्या वॉरंटमध्ये "संपूर्ण घर" होतं. त्या घरात आईची खोली आहे, तिचं गोदरेजचं कपाट आहे. तुम्ही लबाडी सोसून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. तुमची सही कुणी केली असेल, तर तो गुन्हा आहे आणि तो भाऊ आहे म्हणून गुन्हा लहान होत नाही. पण पुढचा अर्ज लिहाल तेव्हा त्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून लिहा. जी खोली शोधायची नाही, ती अर्जातच वगळा. कोर्टालाही तेच हवं असतं.

वरच्या कोर्टात जायचं का, हा तुमचा प्रश्न. माझं मत, आत्ता नको. झडतीचा आदेश अंतरिम स्वरूपाचा मानला, तर त्यावर पुनरीक्षण (वरच्या कोर्टाने आदेश तपासणं) चालतच नाही, यावरच पहिले काही महिने जातील. आणि समजा चाललं, तरी सत्र न्यायाधीश तोच अर्ज वाचणार, ज्यात गुमास्ता नाही, तारीख नाही, खोली नाही. त्यापेक्षा नवी माहिती घालून नवा अर्ज करा. आधी बँकेकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. निबंधकांकडून नक्कल काढा. तुमच्या सीएकडे गेल्या वर्षांचे ताळेबंद असतील, जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर आहेतच, ती उतरवून घ्या. गुमास्त्याला विचारा, तो प्रतिज्ञापत्र करायला तयार आहे का. तो धाकट्याच्या पगारावर असेल, तर त्याला संकटात टाकू नका. साक्षीसाठी पुढे बोलावता येईल. बँकेने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर ते पत्र अर्जाला जोडा. "अन्य मार्ग बंद आहे" हे कोर्टाला सांगायची ती खरी रीत. एवढं झाल्यावरही काही वह्या फक्त त्या खोलीतच आहेत असं दिसलं, तर त्या खोलीपुरतं, त्या वर्षांपुरतं वॉरंट मागा. माझा अंदाज आहे, की तोवर तुम्हाला त्याची गरज उरणार नाही.

या सदराच्या वाचकांत दाराच्या आतल्या बाजूला असलेलेही आहेत, त्यांच्यासाठी चार शब्द. झडतीला कुणी आलं तर अडवू नका, पण वॉरंट किंवा अधिकार पाहायला मागा आणि सावकाश वाचा. त्याच भागातले दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच हवेत. तुम्हाला झडतीच्या वेळी समोर थांबण्याचा हक्क आहे. आत येण्यापूर्वी अधिकारी आणि पंचांनी स्वतःची अंगझडती देण्याची पद्धत आहे, ती मागायला संकोचू नका. बाईची अंगझडती बाईच घेईल, आणि मर्यादा पाळूनच. सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे चित्रण व्हायला हवं, बहुधा मोबाइलवरच होतं. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी आणि तिची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय कुणाला जाऊ देऊ नका. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. आणि शेजाऱ्याच्या घरी पंच म्हणून लेखी बोलावणं आलं, तर योग्य कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा ठरू शकतो. जा, डोळे उघडे ठेवा, जे पाहिलं तेवढ्यावरच सही करा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

भाऊ, शेवटचं तुमच्यापुरतं. पत्रावरून दिसतं, की दिवाळीपासून तुम्ही आईला भेटलेला नाहीत, कारण ती "त्याच्या घरी" आहे. दावा दोघा भागीदारांत आहे, आई त्यात पक्षकार नाही. बँकेत मागणीचा अर्ज द्यायला जाल, त्याच दिवशी संध्याकाळी तिला फोन करा. खटल्याबद्दल एक अक्षर बोलू नका, धाकट्याबद्दलही नको. गुडघे कसे आहेत, एवढंच विचारा.